पट्ट्या तुम्ही घासल्या नव्हत्या, वन्सं

वन्सं, तुमच्या तेराव्याला मी भर बैठकीत तोंड उघडलं. धारच्या काकू तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीत. तुम्ही असतात तर तुम्हीही अबोला धरला असतात, आणि मग पोळ्या लाटताना ऐकवलं असतंत, "शैला, चार माणसांत असं बोलतात का?"

बोलतात. तुमच्याकडूनच शिकले मी. सगळ्या देवासला चार माणसांत सुनावणाऱ्या तुम्ही एकाच माणसाच्या बाबतीत गप्प बसलात, आणि तो माणूस तुमचा भाऊ आहे आणि माझा नवरा आहे.

झालं असं की पीथमपूरहून तिवारीजी आले होते. ज्यांच्या कारखान्याला आपण साबण भरायच्या मशीनच्या पट्ट्या पुरवतो, ते. तुमच्या फोटोला हार घातला, हात जोडले, ह्यांच्या शेजारी सतरंजीवर बसले, आणि खोलीभर ऐकू जाईल अशा मऊ आवाजात म्हणाले, "बहुत मेहनती थीं. आख़िर में बस नज़र थोड़ी कमज़ोर हो गई थी. वो पट्टियों वाली ग़लती हो गई उनके हाथ से. पर हमने कभी बुरा नहीं माना."

लोकांनी माना डोलावल्या. केवढा मोठ्या मनाचा माणूस, असं काकूंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. तुमचे विनू सतरंजीची कड चाचपत बसले होते.

त्याआधी तासभर मी ऐकून घेतच होते. शांत होत्या. सोशीक होत्या. कधी कुणाला दुखवलं नाही. वन्सं, मला वाटलं मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरात येऊन बसलेय. तुम्ही आणि सोशीक? धारच्या बसमध्ये तो पोरगा मोबाइल मोठ्याने वाजवत होता, तर तुम्ही कंडक्टरला बस थांबवायला लावलीत. "या तो इसका गाना उतरेगा, या मैं." सगळी बस हसली आणि गाणं बंद झालं. प्लेटिंगवाल्या इक्बालभाईंना तुम्ही त्यांच्याच दुकानात जाऊन झापलंत, आणि ते तुमच्यासाठी खुर्ची पुसून ठेवायचे. माझे पोहे तुम्हाला शेवटपर्यंत आवडले नाहीत, आणि ते तुम्ही पाहुण्यांसमोर सांगायचात. मला राग यायचा. पण त्या सोशीक बाईपेक्षा पोह्यांना नावं ठेवणाऱ्या बाईवरच माझा जीव होता. माणूस गेलं की त्याचा सगळा खरखरीतपणा घासून टाकायचा आणि वर चकचकीत मुलामा चढवायचा, असंच असतं का?

तुम्ही खातेगावहून माहेरी परत आलात तेव्हा मी या घरात नवी होते. तुमचे यजमान गेल्यावर सासरच्यांनी तुम्हाला शेतीच्या हिशेबात धरलंच नाही, आणि तुम्ही एक पेटी घेऊन निघून आलात. आल्यावर काही दिवस तुम्ही ह्यांचा डबा घेऊन औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या शेडवर जायचात. मग एक दिवस डबा माझ्या हातात देऊन म्हणालात, "उद्यापासून दोघांचा कर, मी तिथेच जेवीन." कुणाला विचारलं नाहीत. शेडच्या मागच्या भिंतीशी, खिडकीखाली, तुम्ही टेबल लावून घेतलंत आणि फिनिशिंगचं काम तुमचं झालं.

मी शेडवर पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही मला एक पट्टी हातात दिलीत. "बघ, कशी आहे?" मी म्हटलं, छान गुळगुळीत आहे. तुम्ही कापसाचा बोळा घेऊन कडेवरून फिरवलात आणि एका जागी कापसाचा तंतू अडकून राहिला. "ही बर," म्हणालात. लोखंड कापताना, भोक पाडताना कडेला जो केसासारखा काटा उभा राहतो, तो. डोळ्यांना दिसत नाही, कापसाला अडकतो. "आणि बाईच्या तळहाताला," असं पुढे म्हणालात.

ही बर प्लेटिंगच्या आधीच काढायची, हा तुमचा हट्ट होता. कारण निकेल टोकावर जास्त चढतं. आधी राहिलेला काटा मुलामा चढला की आणखी जाड आणि कडक होऊन येतो. मग तो कानशीने घासला तर मुलामा फाटतो, आतलं लोखंड उघडं पडतं आणि ओल्या साबणात गंजायला लागतं. प्लेटिंगनंतर एखादा बारीक दाणा राहिला असेल तर तुम्ही बारीक पथरीला तेल लावून तो उतरवायचात, इतक्या हलक्या हाताने की मला वाटायचं तुम्ही नुसतीच पट्टी कुरवाळताय. कुठे थांबायचं ते मला तुम्ही शिकवलंत. मला ते पूर्ण आलं नाही. "घाई आहे तुझ्या मनगटात," म्हणायचात. आहेच.

आता त्या पट्ट्यांचं सांगते. तुम्हाला नव्हे, तुम्हाला ठाऊकच आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी.

तो सगळा माल इक्बालभाईंकडून आला तो वाईटच आला होता. चूक त्यांची नव्हती. आपल्याच शेडमध्ये घाईघाईत भोकं पाडली होती आणि तुम्ही तापाने घरी असताना माल तसाच प्लेटिंगला गेला. तुम्ही आलात, दोन-चार पट्ट्यांवर कापूस फिरवलात आणि म्हणालात, "विनू, हा माल जाणार नाही. मुलामा उतरवायचा, बर काढायची, पुन्हा चढवायचा."

"अक्का, तिवारीजींना सोमवार सांगितलाय."

"मग त्यांना दुसरा सोमवार सांग."

रविवारी तुम्ही धारला काकूंच्या नातीच्या साखरपुड्याला गेलात. सोमवारी परत आल्यावर शेडमधली मांडणी रिकामी होती. जेवायला बसताना तुम्ही विचारलंत.

"माल गेला?"

"गेला."

"साफ कुणी केला?"

"मी. कानस मारली वरवर. काही नाही होत, अक्का."

तुम्ही ताटावरून उठलात. भात तसाच राहिला. एवढंच. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. जगाशी भांडणारी बाई आपल्या भावासमोर ताट सोडून उठते आणि खोलीत जाऊन दार लावते, हे मला तेव्हाही सहन झालं नव्हतं. मी ह्यांना त्याच ताटावर विचारलं, तुम्हाला वन्संनी नाही म्हटलं होतं ना? हे म्हणाले, "तुला धंद्यातलं काय कळतं?" मला कळत होतं. शिकवलं होतंत तुम्ही.

मग फोन आला. पीथमपूरच्या त्या कारखान्यात साबणाच्या वड्या पट्ट्यांमधून सरकत येतात आणि बायका त्या हाताने सरळ करत पुढे ढकलतात. राधा नावाच्या बाईचा हात ओल्या साबणावरून घसरला आणि पट्टीच्या कडेने तळहात उभा फाटला. आतली शीर तुटली. कारखान्याने म्हटलं, बाईचं लक्ष नव्हतं. टाके घालून तिला घरी बसवलं.

पण पट्टीच्या कडेला गंज दिसत होता, म्हणून तिवारीजी शेडवर आले. मी त्यांना चहा द्यायला आले होते, त्यामुळे जे घडलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "ये फ़िनिश किसने किया था?"

हे उभे होते. तोंड उघडलं होतं ह्यांनी, हे मी नाकारत नाही. पण शब्द यायच्या आत तुम्ही म्हणालात, "मैंने."

तिवारीजींना पटलं नाही. "आपने, दीदी?"

"हाँ. मुझसे रह गया."

आणि ह्यांनी तोंड मिटलं. वन्सं, ते मिटलेलं तोंड मी अजून विसरले नाही. चहाचा ट्रे माझ्या हातात होता. मी तो तिथेच पट्टीवर आदळला आणि तुमच्या मागे मागे बाहेर आले.

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि ते संपलेलं नाही. मी विचारलं, का? तुम्ही म्हणालात, "धंदा त्याच्या नावावर चालतो. त्याचं नाव गेलं तर सगळं गेलं. माझ्या नावावर काय चालतं?"

मी म्हटलं, "तुमचं नाव तुमच्यावर चालतं!"

तुम्ही हसलात. मला तो विनोद वाटला नव्हता. अजूनही वाटत नाही.

मात्र पुढे तुम्ही जे केलंत ते ह्यांनी केलं नसतं, तेही मला मान्य आहे. सगळ्या पट्ट्या तुम्ही परत मागवल्यात. मुलामा उतरवून घेतलात आणि एकेक कड स्वतः साफ केलीत. आणि मला म्हणालात, "चल, तिरल्याला जाऊ." राधा तिरल्याजवळच्या गावात राहते, तिथून बसने पीथमपूरला कामाला यायची. आपण इंदूर, धार करत बसा बदलत पोचलो. सोयाबीन कापून झालं होतं, अंगणात पोती होती. राधा ओट्यावर बसलेली होती, हात गळ्यात बांधलेला.

तुम्ही तिच्या शेजारी बसलात आणि म्हणालात, "वो पट्टी मेरे हाथ की थी. मुझसे काँटा रह गया."

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या बाई. तसं काही झालं नाही. तिने हातावरचं बँडेज सोडलं, हात तुमच्यासमोर धरला. टाके लालभडक होते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटत नव्हतं.

"देखो फिर," ती म्हणाली. "वहाँ सब बोले, राधा बातें कर री थी. हूँ बातें नी कर री थी. पट्टी में काँटो थो. तमने देख्यो नी? तमारो काम देखनो थो के नी?"

मी गप्पा मारत नव्हते, पट्टीत काटा होता, तो बघणं तुमचं काम होतं की नाही, असं ती तुम्हाला बोलत राहिली. तिची सासू आतून बाहेर आली, तीही बोलली. तुम्ही मान खाली घालून ऐकलंत. धारच्या बसमधल्या त्या बाईने, इक्बालभाईंना झापणाऱ्या बाईने, ज्या गोष्टीला तिने हात लावला नव्हता त्या गोष्टीसाठी बोलून घेतलं. मी मध्ये तोंड घालणार होते, तर तुम्ही माझं मनगट असं दाबलंत की बांगडी रुतली.

परत येताना बसमध्ये मी तुम्हाला म्हटलं, तिथे बसायला पाहिजे होतं विनूंनी. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. "तो बसला नसता," म्हणालात.

मग मला सांगा, त्याला बसवायचं कुणी होतं?

तुम्ही तिवारीजींना जाऊन भेटलात. म्हणालात, चूक माझी आहे हे मी तुमच्यासमोर कबूल केलंय, मग बाईचं लक्ष नव्हतं असं तुम्ही कसं म्हणता? वरच्यांना सांगा. उपचार करा. तिला कामावर घ्या, त्या दोन बोटांशिवाय जमेल असं काम द्या. तुम्ही त्यांच्या खुर्चीसमोरून हलला नाहीत, आणि राधाला डब्यांवर लेबलं लावायच्या कामावर परत घेतलं. हे तुमचं. हे कुणी तेराव्याला सांगितलं नाही, म्हणून मी लिहून ठेवतेय. नंतर कितीदा तुम्ही मला यावरूनच गप्प केलंत: "बघ, माझ्या 'मैंने'मुळे बाईला काम मिळालं." वन्सं, ते ह्यांनी म्हटलं असतं तरी मिळालं असतं. चूक शेडची होती, हे कळणं पुरेसं होतं. ती तुमची असायची काहीच गरज नव्हती. मी हे म्हटलं की तुम्ही भाजी निवडायला घ्यायचात.

आणि मग आला तो निरोप. ऑर्डर चालू राहील, पण "मैडम अब फ़िनिशिंग में हाथ न लगाएँ."

हे घरी आले, चपला काढल्या आणि तुम्हाला तो निरोप जसाच्या तसा सांगितला. जसाच्या तसा! म्हणजे जणू पोस्टमनच. तुम्ही म्हणालात, "बरं." दुसऱ्या दिवशी तुमच्या टेबलाशी रोजावर आणलेला माणूस बसला.

तेव्हापासून तुम्ही घरी. तुम्ही माझ्या कुकरच्या झाकणाची कड साफ केलीत. पोळपाटाच्या पायाचा खिळा घासलात. शेजारच्यांच्या नव्या स्टीलच्या डब्यांवर कापूस फिरवून दुकानदाराला फोन केलात. मी हसायचे आणि मला आतून रडू यायचं. दुपारी तुम्ही खिडकीत बसून वाटीतल्या तेलात पथरी बुडवायचात आणि नुसतीच पुसायचात. घासायला काही नसायचं. हे शेडवरून आले की विचारायचात, "आज माल कसा होता?" हे म्हणायचे, "ठीक."

डॉक्टर म्हणाले हृदय. असेल. सकाळी दूध तापवून ठेवलंत, जरा पडते म्हणालात, आणि उठला नाहीत. मी तुम्हाला हाक मारली ती चहासाठी. दोनदा मारली, मग रागाने मारली, कारण तुम्ही मुद्दाम उत्तर देत नाही असं वाटलं. वन्सं, तुमच्या अंगावर ओरडत मी खोलीत आले. आपल्याला ते शोभेलसंच होतं.

तर तेराव्याला तिवारीजी म्हणाले की तुमची नजर कमजोर झाली होती. मी उठून उभी राहिले. म्हटलं, "तिवारीजी, वो पट्टियाँ वन्सं ने नहीं घिसी थीं. उन्होंने तो मना किया था. जिन्होंने घिसी थीं, वो आपके बगल में बैठे हैं."

काकू म्हणाल्या, "शैला, आज नको गं." मी म्हटलं, मग कधी? तिवारीजी उठले, तुमच्या फोटोच्या पाया पडले, निघून गेले. हे आतल्या खोलीत गेले. आमचा मुलगा मला हळूच म्हणाला, "आई, क्या ज़रूरत थी?" त्याला सगळी गोष्ट मराठीत सांगितली. अर्धी कळली, अर्धी हिंदीत पुन्हा सांगितली. मग तो उठून बापाच्या खोलीत गेला.

ह्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मग एका संध्याकाळी ताटावर म्हणाले, "मी सांगणारच होतो. अक्का आधी बोलली."

मी विचारलं, "आणि दुसऱ्या दिवशी? तिसऱ्या? त्या टेबल सोडून घरी आल्या तेव्हा?"

हे ताटावरून उठले नाहीत. बसून राहिले. भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी शेडमधून, कामगार आजूबाजूला असताना, तिवारीजींना फोन केला आणि सांगितलं. तिवारीजी म्हणाले, "अब क्या फ़ायदा भाईसाहब, मैडम तो रहीं नहीं." हे मला सांगताना ह्यांचा आवाज फाटला. मला दया आली नाही. लवकर येईल असं वाटत नाही.

परवा हे तिरल्याला गेले. एकटे. मी बरोबर येते म्हटलं नाही. संध्याकाळी परत आले, पाणी प्यायले. मग जे सांगितलं ते तुम्हाला सांगते.

राधा कामावरून आली होती. ह्यांनी तिला सगळं सांगितलं. पट्ट्या मी घासल्या होत्या, बहिणीने नाही. बहीण आता नाही. तिने विचारलं, "तो वा बई म्हारी गाल्याँ क्यों खाती री?" ती बाई माझ्या शिव्या का खात बसली?

हे म्हणाले, "मेरी बहन थी. मेरे लिए बोली."

राधा म्हणाली, "भाई तो म्हारे बी हे, भिया. पण उका वास्ते हूँ झूठ नी बोलूँ." भाऊ मलाही आहे, पण त्याच्यासाठी मी खोटं बोलणार नाही.

आणि ती आत गेली. ह्यांना पाणी विचारलं नाही.

वन्सं, मी स्वयंपाकघरात, बसमध्ये, भाजी निवडताना तुम्हाला इतके दिवस हेच सांगत होते. मला ते इतकं सरळ कधी सांगता आलं नाही. तिच्यासारखं आलं असतं, तर कदाचित तुम्ही भाजी खाली ठेवून माझ्याशी भांडायला उठला असतात.